पाण्याचा सांचा

गेल्या महिन्यांत आमची धाकटी नात मुंबईहून घरीं आली ती एक चिमुकली डबी घेऊन. ती माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेंत शिकते. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठानें काढलेलें केमिकल टेक्नॉलॉजीचें खातें तें हेंच. डबींत कापसांत गुंडाळलेला पांढराशुभ्र, खडूसारखा एक तुकडा होता. आम्हीं तो हातांत घेतला आणि मास्तरकीच्या जुन्या संवयीनें तत्काळ निकाल देऊन टाकला, "समुद्रफेन!" केळव्याच्या किनाऱ्यावर समुद्रफेनाचे असे तुकडे वाहून येतात, आणि लहानपणीं पाट्या घासण्यासाठीं आम्हीं ते खिसे भरभरून आणलेले आहेत. रंग तोच, हलकेपणा तोच, बोटाला लागणारी भुकटीही तीच. नात हंसली. म्हणाली, "आजोबा, समुद्रफेन माकुलाच्या पाठींत वाढतो. हा मीं काचेच्या बाटलींत वाढवला आहे."

तिनें तो तुकडा पाण्याच्या वाटींत टाकला. तो तरंगत राहिला, आणि बाहेर काढला तेव्हां ठणठणीत कोरडा. मग हळद घालून पिवळें केलेलें गोडेतेल तिनें बशींत ओतलें व तुकड्याची एक कड त्यांत टेकविली. तेल आपण होऊन वर चढूं लागलें. घरांतील मुलें श्वास रोखून पाहत होतीं, तोंच अर्धा तुकडा पिवळा झाला व बशी जवळजवळ कोरडी पडली. ह्या तुकड्याचे दहा भाग केले तर नऊ भाग पोकळी आणि एक भाग पदार्थ, असें तिनें सांगितलें. "म्हणजे बाळ, दोन वर्षें शिकून तूं आम्हांला पोकळी आणून दाखवलीस," असें आम्हीं म्हटलें खरें. पण तो विनोद आम्हांला पुढें महागांत पडला.

कारण डबीच्या मागें दुसरी एक गोष्ट होती, ती रात्रीं जेवणें झाल्यावर बाहेर आली. शिक्षण पुरें झाल्यावर तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत एक लहानसा गाळा घेऊन हाच पदार्थ करावा, असा तिचा विचार आहे. त्याला भांडवल पाहिजे. आणि आमच्या घरांत भांडवल म्हणण्यासारखें काय तें केळव्याच्या नारळ-सुपारीच्या वाडीचा उत्तरेकडचा तुकडा. वाडी सामाईक आहे. थोरल्या बंधूंच्या पश्चात् घरांतील कोणताही मोठा व्यवहार आमच्या वहिनींच्या संमतीवांचून होत नाहीं, आणि वहिनींना एक्क्याऐंशीवें वर्ष चालू आहे. त्यांनीं एवढेंच म्हटलें, "आधीं तें होतें कसें, तें मला समजेल असें सांग. मग वाडीचें बोलूं."

तेव्हां पुढील हकीगत ही आमच्या स्वयंपाकघरांत झालेल्या व्याख्यानाची आहे. त्यांत आमची लुडबूड आहे, ती वाचकांनीं गोड करून घ्यावी.

तेल आणि पाणी एकमेकांत विरघळत नाहींत. पण एकाचे अतिसूक्ष्म थेंब करून ते दुसऱ्यांत पसरवितां येतात. अशा मिश्रणाला इंग्रजींत इमल्शन म्हणतात आणि आमच्या परिभाषाकोशांत 'पायस' म्हणतात. (ज्या कोशकारांनीं हा शब्द योजला त्यांना खिरीची आवड असावी, आम्हांला तो वाचतांना प्रत्येक वेळीं वेलदोड्याचा वास येतो.) दूध हें पायसच होय. त्यांत स्निग्धाचे थेंब पाण्यांत तरंगतात. घुसळलें कीं कारभार उलटतो. लोण्यांत स्निग्धांश बाहेर आणि पाण्याचे थेंब आंत अशी स्थिति होते.

येथें आम्हांला आमच्या जुन्या धंद्याची आठवण झाली. अलंकारशास्त्र शिकवितांना आम्ही दोन न्याय सांगत असूं. तीळ आणि तांदूळ मिसळले तरी वेगळे ओळखूं येतात, तो तिलतण्डुलन्याय. दूध आणि पाणी मिसळलें म्हणजे वेगळें ओळखूंच येत नाहीं, तो नीरक्षीरन्याय. संकर आणि संसृष्टि या अलंकारांतील भेद आम्हीं पस्तीस वर्षें ह्याच दृष्टान्तांनीं समजावून दिला. आतां नात सूक्ष्मदर्शकांतून घेतलेलें दुधाचें चित्र दाखविते, तों त्यांत स्वच्छ गोल गोल थेंब, एकेक वेगळा! म्हणजे क्षीर स्वतःच तिलतण्डुल निघालें. शास्त्रकारांचा दृष्टान्त डोळ्यांपुरता खरा आहे म्हणून आम्ही तो सोडणार नाहीं. पण पुनः वर्गावर उभें राहण्याचा प्रसंग आला तर एक वाक्य अधिक सांगूं.

नातीच्या पदार्थाचा आरंभ लोण्याच्या जातीच्या पायसानें होतो. बाहेर तेल, आंत पाणी. मात्र येथें तेल म्हणजे स्टायरीन आणि डायव्हिनिलबेंझीन हे दोन द्रव. हीं एकवारिकें होत, म्हणजे ज्यांचे रेणु सांखळीच्या कड्यांप्रमाणें एकमेकांत अडकून घट्ट पदार्थ बनतो अशीं द्रव्यें. घट्ट झालेला पदार्थ तो बहुवारिक, ज्याला सर्व लोक पॉलिमर म्हणतात. पहिल्या द्रवानें लांब सांखळ्या होतात. दुसरा त्या सांखळ्यांना आडव्या गांठी मारतो. त्या तेलांत एक मध्यस्थ घालावा लागतो. तो साबणाच्या जातीचा, सॉर्बिटॉल व ऑलिइक आम्ल यांपासून केलेला असतो. त्याचें एक टोंक पाण्याकडे ओढ घेतें व दुसरें तेलाकडे, त्यामुळें तो थेंबाच्या कांठावर पहारा करीत बसतो. मध्यस्थ ज्या द्रवांत अधिक विरघळतो तो द्रव बाहेर राहतो, हा नियम बँक्रॉफ्ट नांवाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें १९१३ च्या सुमारास सांगितला. आपला मध्यस्थ तेलांत विरघळणारा, म्हणून तेल बाहेर आणि पाणी आंत.

आतां त्या तेलांत ढवळत ढवळत थेंब थेंब पाणी सोडावयाचें. घाई केली कीं बिघडलें. प्रथम पातळ दुधासारखें दिसतें, मग घट्ट होत होत श्रीखंडाप्रमाणें चमच्यावर उभें राहतें. पाणी घालावें तसें घट्ट होतें, हें ऐकून सूनबाईंना मोठें नवल वाटलें. पण वहिनी शांतपणें म्हणाल्या, "त्यांत नवल कसलें? शतधौत घृत असेंच होतें."

हा दृष्टान्त आम्हांला सुचावयास हवा होता. तो सुचला स्वयंपाकघरास. तांब्याच्या परातींत साजूक तूप घेऊन त्यांत थोडें थोडें गार पाणी घालीत तळहातानें फेसावयाचें, सुटलेलें पाणी ओतून पुनः नवें घालावयाचें, असें शंभर वेळां. पिवळें कणीदार तूप लोण्यासारखें मऊ व पांढरें होतें. भाजल्यावर, उन्हाळ लागल्यावर तें लावीत. वहिनींनीं तें आपल्या सासूबाईंच्या हाताखालीं कितीदां केलें आहे. तुपांत पाण्याचे व हवेचे सूक्ष्म कण अडकून राहतात, त्यांवरून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, म्हणून रंग पांढरा. नात वहिनींकडे पाहतच राहिली. ती म्हणाली, "मोठी आजी, फरक इतकाच कीं तूप थोडेंच पाणी धरून ठेवतें, बाकीचें तूं ओतून देतेस. मला दहांतले नऊ भाग पाणी आंत धरावें लागतें." लोण्यांत पाणी शंभरांत सोळा-सतरा भाग, येथें शंभरांत नव्वद. ही विद्या आमच्या गवळ्याच्या कानावर जाऊं नये एवढीच प्रार्थना.

नव्वद भाग पाणी दहा भाग तेलाच्या पोटांत राहतें कसें? एकाच आकाराचे गोल चेंडू कितीही दाबून रचले तरी शंभरांत सुमारें चौऱ्याहत्तर भागच जागा व्यापतात. सव्वीस भाग फटी राहतात. रव्याचे लाडू डब्यांत उत्तम रीतीनें रचले तरी एवढी हवा डब्यांत राहणारच. चेंडूंच्या राशींत एकंदर चेंडू किती हें काढण्याची रीत आर्यभटानें 'चितिघन' ह्या नांवानें दिलेली आहे. मात्र याहून दाट रास असूंच शकत नाहीं, हें म्हणणें केप्लरनें १६११ मध्यें मांडलें, आणि त्याची सिद्धता टॉमस हेल्स यांनीं १९९८ मध्यें पुढें आणली. ती तपासणाऱ्या पंडितांचीही पुरी खात्री पटेना, तेव्हां संगणकाकडून ओळ न् ओळ तपासून घेण्याचें काम २०१४ पर्यंत चाललें. लाडवाच्या डब्यावर चारशें वर्षें गेलीं!

चौऱ्याहत्तरांच्या पलीकडे पाणी घातलें कीं थेंबांना गोल राहणें परवडत नाहीं. लहान थेंब मोठ्यांच्या फटींत शिरतात, आणि तरीही जागा पुरेना म्हणजे ते एकमेकांस दाबून साबणाच्या फेसाप्रमाणें बहुकोनी होतात. मधलें तेल पातळ पापुद्र्यांत उरतें. पायस घट्ट होतें तें यामुळें. गर्दींत कोणालाच हलतां येत नाहीं. चौऱ्याहत्तरांच्या वरचीं पायसें ती वेगळी जातच शास्त्रज्ञ मानतात, आणि त्यांची भूमिति लिसंट यांनीं १९६६ सालीं नीट मांडून दाखविली.

मग हें श्रीखंड बाटलींत घालून साठ अंशांवर एक दिवसभर ऊब द्यावयाची. पाण्यांत आधींच थोडें पर्सल्फेट घातलेलें असतें, तें सांखळ्या जुळविण्यास चालना देतें. आणि थोडें कॅल्शियम क्लोराइडही, कारण त्यावांचून लहान थेंब झिजून मोठे थेंब फुगूं लागतात. तेल घट्ट होतें. होतां होतां तें किंचित् आकसतें, आणि दोन थेंबांमधील सर्वांत पातळ पडदा फाटून तेथें लहान खिडकी पडते. सर्व खूबी ह्या खिडकींत आहे. आंबोळीला जाळी पडली नाहीं तर ती आंबोळी नव्हे. हें गृहिणींना सांगावयास नको. खिडक्यांमुळें एका पोकळींतून दुसरींत, दुसरींतून तिसरींत असा मार्ग होतो. त्या वाटेनें पाणी काढून टाकतां येतें आणि मागें राहते ती पाण्याच्या आकाराची पोकळी.

मूर्तिकार मेणाची मूर्ति करून तिच्यावर मातीचा लेप देतात, तापवून मेण वाहवून देतात, आणि मेणाच्या जागीं धातूचा रस ओततात. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या मानसोल्लास ग्रंथांत, म्हणजे बाराव्या शतकांत, ही मधूच्छिष्टाची रीत वर्णिलेली आहे. मधूच्छिष्ट म्हणजे मेण. नातीच्या कृतींत मेणाच्या जागीं पाणी आहे; फरक एवढाच कीं मेण गेल्यावर येथें कांहीं ओततच नाहींत. रिकामी जागा हाच माल! तेव्हां आमचा पहिल्या दिवशींचा विनोद आम्हीं परत घेतला. घटांत पाणी राहतें तें मातीमुळें नव्हे, घटांतील आकाशामुळें, हें घटाकाशाचा दृष्टान्त देणाऱ्या आम्हांला कळूं नये याची लाज वाटली.

ह्या कृतीचें पेटंट युनिलीव्हर कंपनीच्या बार्बी व हक या संशोधकांनीं १९८२ च्या सुमारास घेतलें. साबणवाल्यांच्या घरांत हें बाळ जन्मावें हें योग्यच. त्याच जातीचा मऊ फेस २००८ पासून अमेरिकेंत स्त्रियांच्या मासिक उपयोगाच्या पट्ट्यांत घालूं लागले. इंग्लंडांत डरॅम येथें ह्याच जाळींत जिवंत पेशी वाढविण्याचें तंत्र निघालें. सपाट काचेवर पेशी चपट्या होतात, जाळींत त्यांना शरीरांतल्यासारखी चहूंकडून जागा मिळते. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत गुरुस्वामी कुमारस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं थेंबांऐवजीं बर्फाच्या स्फटिकांचा सांचा करून, दाबला तरी पुनः उसळी घेणारा स्पंज तयार केला. सांच्याला द्रव्य कोणतेंही चालेल. अट एकच कीं काम झालें कीं त्यानें निघून जावें.

येथपर्यंत सर्व मंडळी खूष होती. मग आमच्या पुतण्यानें तोंड उघडलें. तो तीस वर्षें बोईसरच्या एका कारखान्यांत रसायनांच्या तपासणीवर आहे. रोज पालघर-उमरोळी-बोईसर असा रेल्वेचा प्रवास करतो आणि बोलतो फार थोडें. त्यानें विचारलें, "स्टायरीन म्हणजे विशाखापट्टणचेंच ना?" घर गप्प झालें. ७ मे २०२० च्या पहाटे तेथील एका कारखान्याच्या टांकींतलें स्टायरीन टाळेबंदीच्या काळांत आपोआप तापलें, आपोआप सांखळ्या जुळूं लागल्या, त्या उष्णतेनें आणखी तापलें, आणि वाफ गांवांत शिरून बारा माणसें मेलीं. नातीनें तें नाकारलें नाहीं. हाच गुण बाटलींत हवा असतो आणि टांकींत नको असतो, असें ती म्हणाली. त्यासाठीं स्टायरीनमध्यें जुळणी थोपविणारें द्रव्य घालतात, तें थंड ठेवतात, आणि तिला टांकी नको, पिंपें पुरेत. पुतण्यानें मान हलविली. पण ती मान्यतेची होती कीं संशयाची, हें आम्हांला कळलें नाहीं.

वहिनींचा प्रश्न मात्र निराळा होता. "तें पाणी कोठें जातें गं?"

हा प्रश्न पालघरच्या माणसानें विचारल्यावांचून कसा राहील? तारापूरच्या वसाहतींत रंगांचे, औषधांचे, कापडाचे, लोखंडाचे कारखाने आहेत. त्यांनीं ह्या भागांतील कितीतरी घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, त्यांत आमच्याही. पण त्यांचें सांडपाणी शेवटीं नवापूरच्या समुद्राला मिळतें. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या वतीनें अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनें हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, आणि जानेवारी २०२२ मध्यें शंभराहून अधिक कारखान्यांना दंडाचा हुकूम झाला. आमच्या पुतण्यानें एका कारखान्यामागच्या विहिरीचें पाणी एकदां बाटलींत भरून आणलें होतें. तें कोकमाच्या सरबतासारखें दिसत होतें. ती बाटली आम्हीं मुलांच्या हातीं लागूं नये म्हणून माळ्यावर ठेवली, ती अजून तेथेंच आहे.

नात म्हणाली, "मोठी आजी, त्याच पाण्यासाठीं तर मला हें करावयाचें आहे." तिचें म्हणणें असें. आजचा तुकडा पाणी पीत नाहीं, कारण त्याच्या भिंती तेलाच्या पोटच्या. पण त्याच भिंतींवर गंधकाम्लाची प्रक्रिया केली तर त्यांना पाण्याची ओढ लागते, आणि पाण्यांतील धातु व कांहीं जातींचे रंग त्या धरून ठेवतात. हें तत्त्व नवें नाहीं. पाणी मृदु करणाऱ्या यंत्रांत जे पिवळे मणी असतात ते ह्याच दोन द्रवांचे. पुण्याची थरमॅक्स कंपनी तसे मणी करते, आणि १९६९ पासून चालूं झालेल्या तारापूरच्या अणुवीजकेंद्रासारख्या ठिकाणीं अणुभट्टीचें पाणी निर्मळ ठेवण्यास तसलेच मणी लागतात. मण्यांत पाणी हळूहळू झिरपतें, जाळींतून तें सरळ वाहतें. हा तिच्या तुकड्याचा लाभ.

"तें झालें," वहिनी म्हणाल्या. "मीं विचारलें तें तुझ्या पाण्याचें."

नात थांबली. मग वहीचें पान काढून तिनें आंकडे मांडले. एक किलो पदार्थाला सुमारें दहा लिटर पाणी सांचा म्हणून आंत घालावें लागतें, आणि तें सर्व बाहेर येतें. त्यांत मीठ येतें. शंभर भाग तेलामागें वीस-तीस भाग मध्यस्थ घातलेला असतो, तो धुऊन काढावा लागतो, आणि त्यासाठीं मद्यार्क लागतो. जुळणींतून उरलेलें थोडें स्टायरीनही त्यांतच. गंधकाम्लाची पायरी केली तर आम्लाचें पाणी वेगळें. म्हणजे एक किलो गाळणी करावयास दोन-तीन बादल्या घाण पाणी.

ती खोटें बोलली नाहीं, ह्याचें आम्हांला मनांतून फार समाधान वाटलें. मद्यार्क पुनः ऊर्ध्वपातनानें मिळवितां येतो, मिठाचें पाणी पुढच्या घाण्यास वापरून पाहतां येईल, असें ती म्हणाली. साबणच नको म्हणून त्याच्या जागीं खनिजाचे सूक्ष्म कण पहाऱ्यास ठेवण्याचीही रीत आहे. पिकरिंग यांनीं १९०७ सालीं अशा कणांचें काम दाखवून दिलें, आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत अलीकडे त्या रीतीनें हेच पदार्थ केले. कण भिंतींतच राहतात, धुवावे लागत नाहींत. मात्र कणांचा पहारा फार कडक. पडदे फाटत नाहींत, खिडक्या पडत नाहींत. "म्हणजे जाळी पडत नाहीं," सूनबाई म्हणाल्या. लिव्हरपूल येथें कूपर व त्यांचे सहकारी यांनीं २००१ मध्यें थेंब कोंडलेल्या कर्बवायूचे केले. दाब सोडला कीं सांचा उडून जातो, धुणें नाहीं. पण त्याला लागणारीं पोलादी भांडीं वाडीचे चारही तुकडे विकून यावयाचीं नाहींत.

आम्ही मध्येंच म्हणालों, "वहिनी, मुलगी हुशार आहे, वाडी काय वर्षाला सुपारी देते तेवढीच." वहिनींनीं आमच्याकडे वळून पाहिलें. "भावोजी, वाडीला मी धरून बसलें नाहीं. पण त्या विहिरीचें पाणी तुमच्या माळ्यावर आहे. आणखी एक बाटली तेथें नको."

शेवटीं ठरलें तें असें. वाडीचा तुकडा तूर्त विकावयाचा नाहीं. मोडावयाचाही नाहीं असें नाहीं. नातीनें सहा महिन्यांत, संस्थेच्या प्रयोगशाळेंतच, एकाच मिठाच्या पाण्यावर लागोपाठ दहा घाणे करून दाखवावे, आणि प्रत्येक घाण्याला बाहेर गेलेलें पाणी किती व त्यांत काय, ह्याची वही ठेवावी. वही पुतण्यानें तपासावयाची. त्यानें सही केली तर वहिनी दस्तावर सही करतील. नातीला हा निकाल कडक वाटला. रात्रीं ती जेवली नाहीं. पुतण्या मात्र तिच्या वहीला रकाने आंखून देत बारा वाजेपर्यंत ओसरीवर बसला होता, आणि तीस वर्षांत तो इतकें बोललेला आम्हीं ऐकला नाहीं.

सकाळच्या गाडीला निघतांना वहिनींनीं तिच्या पिशवींत शतधौत घृताची डबी ठेवली. प्रयोगशाळेंत हात भाजले तर लावावयास म्हणून. नात म्हणाली, "ह्यांत पाणी खरोखर किती आहे तें मी मोजून कळवितें." पिवळा झालेला तुकडा आमच्या देवघराशेजारच्या कोनाड्यांत आहे, तेल अजून सुटलेलें नाहीं. पत्राची वाट पाहत आहों.